स्वतःच्या नावावरची गाडी : चोंगछिंगमधील एका मोटारसायकल विक्रेत्याच्या नोंदणीसेवेचे परीक्षण

चीनमध्ये परदेशी माणसाला मोटारसायकल विकत घेताना कोणी अडवत नाही. पैसे मोजले की गाडी मिळते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण ती गाडी स्वतःच्या नावावर नोंदवणे, तिचा विमा उतरवणे, तिला क्रमांकाची पाटी लावणे आणि योग्य वर्गाचा परवाना खिशात ठेवून ती रस्त्यावर आणणे ही कामे वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहेत, आणि त्या प्रत्येक खात्यातील संगणक चिनी नागरिकाचे दोन-तीन अक्षरांचे नाव आणि अठरा अंकी ओळख क्रमांक गृहीत धरून चालतो. दोन वर्षांपूर्वी मी चोंगछिंगमध्ये ४५० सीसीची, दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली स्थानिक बनावटीची गाडी घेतली आणि तिच्यासोबत विक्रेत्याची ‘पाटीसह’ सेवाही घेतली. या सेवेत दुकान गाडी तर विकतेच, शिवाय कर, विमा, नोंदणी आणि क्रमांकाची पाटी एवढे सगळे पार पाडून गाडी हातात देते. हे परीक्षण मुख्यतः त्या सेवेचे आहे. दुकानाचे आणि गाडीच्या कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही. चोंगछिंगमध्ये अशी दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि मी ज्या कसोट्या लावल्या त्या यांपैकी कोणत्याही दुकानाला लावता येतील.

आधी शहराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण चीनमध्ये मोटारसायकल बाळगता येईल की नाही हे पहिल्यांदा शहर ठरवते. ग्वांगझूने १ जानेवारी २००७ पासून शहरी भागात मोटारसायकली बंद केल्या. बीजिंगमध्ये ‘ए’ अक्षराची पाटी असलेली गाडीच चौथ्या वर्तुळाकार रस्त्याच्या आत जाऊ शकते, ‘बी’ पाटीला तेथे मज्जाव आहे, आणि ‘ए’ पाट्या मर्यादित असल्यामुळे त्यांची किंमत चांगल्या गाडीच्या कितीतरी पट झाली आहे. शांघायमध्येही शहरभर चालणाऱ्या पाटीची हीच गत आहे. शीआनने मात्र २०१७ च्या अखेरीस आपली बंदी प्रायोगिक तत्त्वावर उठवली. चोंगछिंगची गोष्ट निराळी आहे. डोंगरउतारावर वसलेल्या या शहरात सायकल कधी रुजलीच नाही. येथील ज्यालिंग कारखान्याने १९७९ मध्ये पहिली मोटारसायकल बनवली, आणि पुढे लोनसिन, झोंगशेन, लिफान यांच्यासारख्या कंपन्या याच मातीत उभ्या राहिल्या. बीएमडब्ल्यूच्या काही मोटारसायकलींची इंजिने लोनसिनच्या कारखान्यात तयार होतात. त्यामुळे येथे मोटारसायकल ही संशयाने पाहण्याची वस्तू नाही. काही पूल, बोगदे आणि जलद मार्ग तिला बंद आहेत, पण साध्या पाटीवर शहरात फिरता येते. मला नोकरीमुळे हे शहर मिळाले, हे मी माझे भाग्य समजते.

परवान्याचा विषय मी थोडा विस्ताराने मांडणार आहे, कारण दुकानाची सेवा येथे अजिबात उपयोगी पडत नाही आणि बहुतेक परदेशी लोकांचा घोटाळा येथेच होतो. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना चीनमध्ये ग्राह्य धरला जात नाही. भारतातून निघताना काढलेले ते छोटे पुस्तक येथे केवळ एक कागद आहे. चिनी परवानाच लागतो, आणि त्यावर दुचाकीचा वर्ग स्वतंत्रपणे छापलेला असावा लागतो. ‘सी१’ हा मोटारीचा वर्ग आहे, त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. ‘ई’ वर्ग दुचाकी मोटारसायकलीचा, ‘एफ’ हलक्या मोपेडचा, आणि ‘डी’ तीनचाकी मोटारसायकलीचा. ‘डी’मध्ये ‘ई’ आणि ‘एफ’ दोन्ही सामावलेले असतात. जुन्या छांगज्यांग ७५० या साइडकार (बाजूला तिसरे चाक आणि आसन जोडलेल्या) गाडीच्या प्रेमात पडणाऱ्या परदेशी मंडळींना ‘डी’ का लागतो, हे यावरून लक्षात येईल.

ज्याच्याजवळ मायदेशाचा वैध परवाना आणि चीनमधील निवासी परवाना आहे, त्याला तो परवाना बदलून घेताना साधारणपणे फक्त लेखी परीक्षा द्यावी लागते. मोटारीच्या या परीक्षेत १०० प्रश्न, ४५ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ९० गुण असतात, आणि ती इंग्रजीत देता येते. त्यासोबत वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडील निवासनोंदणीचा कागद आणि परवान्याचे मान्यताप्राप्त संस्थेने केलेले चिनी भाषांतर जोडावे लागते. माझ्या भारतीय परवान्यावर हलके मोटार वाहन आणि गिअरची मोटारसायकल असे दोन्ही वर्ग होते. मी ज्या भाषांतर कार्यालयात गेले तेथे मात्र फक्त पहिल्या वर्गाचे भाषांतर झाले. दुसरी ओळ संक्षिप्त अक्षरांत होती, तिचा अर्थ न लागल्यामुळे ती वगळण्यात आली, आणि मी तो चिनी मजकूर कोणाला न दाखवता तसाच सादर केला. हातात परवाना आला तेव्हा त्यावर एकटा ‘सी१’ होता. म्हणून माझ्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की भाषांतर हातात पडताच एखाद्या चिनी सहकाऱ्याला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवायला सांगावी आणि मूळ परवान्यावरील वर्ग मोजून घ्यावेत.

त्या एका ओळीपायी मला दुचाकीचा वर्ग परीक्षा देऊन जोडावा लागला. मोटारसायकलीच्या मैदानी परीक्षेत तीन गोष्टी पाहतात : शंकूंमधून वळणे घेत जाणे, चढावर ठरलेल्या रेषेवर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, आणि एकेरी फळीवरून गाडी नेणे. ही फळी जमिनीपासून वीतभरही उंच नसते, पण पुढचे चाक तिच्यावर चढते त्या क्षणी हातांना ती अरुंद असल्याचे जाणवते आणि नजर आपोआप चाकाकडे जाते. प्रशिक्षक, ज्यांना सगळे आदराने शिफू म्हणत, माझ्या शेजारून चालत एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत : ‘फळी पाहू नका, पलीकडचे झाड पाहा.’ पंधरा वर्षे भारतात दुचाकी चालवूनही हे मला कोणी असे शिकवले नव्हते. चढावर थांबून निघण्याचा भाग तर या शहरात रोजच्या जगण्याचाच भाग आहे. परवाना चुकीच्या कारणाने उशिरा मिळाला, पण त्या आठवड्यांत मी जे शिकले ते वाया गेले नाही.

हे सगळे टाळण्याचा मोह किती मोठा असतो, हे मला ठाऊक आहे. ओळखीचे कितीतरी परदेशी लोक चिनी मित्राच्या नावावरची गाडी, दुसऱ्या प्रांताची पाटी आणि केवळ मोटारीचा परवाना घेऊन, किंवा तोही नसताना, वर्षानुवर्षे फिरतात. विना परवाना वाहन चालवण्यासाठी कायद्यात २०० ते २,००० युआन दंड आहे आणि पंधरा दिवसांपर्यंतची कोठडी होऊ शकते. परदेशी माणसाच्या बाबतीत पुढे त्याच्या निवासाचाही प्रश्न उभा राहू शकतो. मला त्याहून गंभीर वाटते ती अपघाताची बाब. परवाना नसलेल्या चालकाने कोणाला जखमी केले, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन ती रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. एका परक्या देशात, दुसऱ्याच्या जखमेचा सगळा भार आपल्या पगारावर येण्याची शक्यता डोक्यात ठेवून गाडी चालवणे मला जमले नसते.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींविषयी एक सूचना येथेच द्यावीशी वाटते. २०१९ ते २०२५ या काळात लागू असलेल्या राष्ट्रीय मानकानुसार जिला पॅडल आहेत, जी ताशी २५ किलोमीटरपेक्षा वेगाने जात नाही, जिचे वजन बॅटरीसह ५५ किलोच्या आत आहे आणि मोटर ४०० वॅटपर्यंत आहे, तीच विजेची सायकल गणली गेली. लागू असलेल्या मानकाच्या मर्यादा ओलांडणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलच असते आणि तिला परवाना, विमा आणि पाटी लागते. ‘ही तर साधी इलेक्ट्रिक आहे’ असे विक्रेता सांगतो, म्हणून ती तशी ठरत नाही.

आता दुकानाकडे वळते. मी चार दुकाने पाहिली. तिघांनी किमतीवर सवलत देऊ केली, पण गाडी परदेशी नावावर करून देण्याचा विषय काढताच ‘ते आपण नंतर पाहू’ असे उत्तर दिले. एकाने तर दुकानातील कामगाराच्या नावावर गाडी घेण्याचा सल्ला दिला आणि तो मैत्रीने देत असल्याचे सांगितले. चौथ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी किमतीत एक युआनही कमी केला नाही. त्यांनी चहा पुढे ठेवला, पारपत्र मागितले आणि माझे नाव एका कागदावर स्वतः उतरवून विचारले, ‘यातले आडनाव कोणते, आणि मध्ये किती मोकळ्या जागा आहेत?’ मोकळ्या जागांविषयी विचारणारा दुकानदार मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि खरे तर मी तेव्हाच निर्णय घेतला.

त्या प्रश्नाचे महत्त्व मराठी माणसाला विशेष कळावे. आपले नाव तीन शब्दांचे : स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन नावे एकत्र असतात. चीनमध्ये निवासी परवान्यावर हा क्रम एका प्रकारे छापला जातो, बँकेत दुसऱ्या प्रकारे, आणि विम्याच्या प्रणालीत अक्षरांची मर्यादा भरली की शेवटचा शब्द मध्येच तुटतो. पारपत्र, खरेदीचे बिल, करभरणा आणि विमापत्र या कागदांवर नाव अक्षराअक्षराने जुळले नाही, तर नोंदणीच्या खिडकीवर अर्ज परत येतो. मालकीणबाईंनी त्यांच्या आधीच्या परदेशी ग्राहकांच्या नोंदींची एक वही जपून ठेवली होती. त्यात कोणत्या विमा कंपनीच्या प्रणालीत किती अक्षरे मावतात, हेसुद्धा पेन्सिलीने लिहिलेले होते. या सेवेचे ६०० युआन त्यांनी वेगळे लावले. माझ्या मते त्या वहीचे मोल त्याहून जास्त आहे.

एवढी काळजी घेऊनही पहिल्या बिलात चूक झालीच. बिल करणाऱ्या मुलीने माझ्या मधल्या नावातील एक अक्षर गाळले. वाहनविक्रीचे बिल हा कर खात्याच्या प्रणालीत नोंदवला जाणारा अधिकृत कागद असल्यामुळे त्यावर खाडाखोड चालत नाही; आधीचे बिल रीतसर रद्द करून नवे काढावे लागते. यात तीन दिवस गेले. दुकानाने चूक लगेच मान्य केली, जादा पैसे मागितले नाहीत, आणि नवे बिल छापण्यापूर्वी पडद्यावरील नाव मला स्वतः वाचायला लावले. हे वाचन पहिल्याच वेळी करून घ्यायला हवे होते, हा माझा या सेवेवरचा पहिला आक्षेप आहे.

पैशांचा हिशेब असा झाला. गाडीची किंमत २९,९८० युआन. १ जुलै २०१९ पासून लागू असलेल्या वाहन खरेदी कर कायद्यानुसार १५० सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलीवर १० टक्के कर लागतो, पण तो बिलावरील पूर्ण रकमेवर नसून १३ टक्के मूल्यवर्धित कर वजा केल्यानंतरच्या रकमेवर असतो. म्हणजे २९,९८० ला १.१३ ने भागायचे आणि आलेल्या रकमेचा दहावा भाग घ्यायचा. माझ्या बाबतीत तो २,६५३ युआन झाला. एका दुकानाने मला हाच आकडा २,९९८ सांगितला होता. फरक फार मोठा नाही, तरीही हिशेब मांडून दाखवण्याची विनंती केल्यावर कोण कसे वागते, यावरून दुकानाची पारख होते. चौथ्या दुकानात मालकीणबाईंनी गणकयंत्र माझ्याकडे फिरवून प्रत्येक पायरी दाखवली. १५० सीसीपर्यंतच्या गाडीला हा कर लागत नाही, ज्यांना केवळ शहरात फिरायचे आहे त्यांनी ही गोष्ट जरूर विचारात घ्यावी.

सक्तीच्या विम्याचा हप्ता देशभर ठरलेला आहे : ५० सीसीपर्यंत ८० युआन, ५० ते २५० सीसीपर्यंत १२० युआन आणि त्यावर ४०० युआन. म्हणजे माझ्या गाडीला ४०० युआन. दुकान ज्या विमा कंपनीच्या खिडकीवर मला घेऊन गेले, तेथे मात्र सांगण्यात आले की मोटारसायकलीचा सक्तीचा विमा हवा असेल तर चालकाच्या अपघाताची आणखी ३०० युआनची पॉलिसी सोबत घ्यावीच लागेल. हे नियमाला धरून नव्हते. सक्तीचा विमा उतरवून देण्यास कंपनी नकार देऊ शकत नाही, टाळाटाळ करू शकत नाही आणि त्यासोबत दुसरी पॉलिसी गळ्यात मारू शकत नाही, असे त्या विम्याच्या नियमावलीतच लिहिले आहे. मी हे मोडक्यातोडक्या चिनीत सांगितले, आणि तेवढ्यात मालकीणबाईंनी माझ्या बाजूने ठामपणे तोंड घातले. त्या मला घेऊन बाहेर पडल्या आणि आम्ही दुसऱ्या कंपनीत गेलो; तेथे ४०० युआनमध्ये काम झाले. ग्राहक परदेशी आहे, तिला कळणार नाही, असे समजून गप्प राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही, आणि या परीक्षणात त्यांना झुकते माप मिळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

या विम्याच्या मर्यादाही स्पष्ट समजून घ्याव्यात. सप्टेंबर २०२० पासून त्याची एकूण मर्यादा २ लाख युआन आहे : मृत्यू किंवा अपंगत्वासाठी १,८०,०००, उपचारांसाठी १८,००० आणि मालमत्तेच्या नुकसानासाठी फक्त २,०००. महागड्या मोटारीचा आरसा तुटला तरी २,००० युआन पुरत नाहीत, आणि गंभीर दुखापतीच्या उपचारांना १८,००० युआन काहीच नाहीत. म्हणून वरचा ऐच्छिक तृतीयपक्ष विमा घेणे आवश्यक आहे. पण मोटारसायकलीला तो देण्यास कंपन्या फारशा उत्सुक नसतात. दुकानाने दोन ठिकाणी विचारून नकार मिळाल्याचे सांगितले आणि विषय तेथेच सोडला. मला तो पुढे माझ्याच प्रयत्नांनी, कामावरील एका सहकाऱ्याच्या ओळखीने मिळाला. ‘पाटीसह’ सेवेत एवढा पाठपुरावा अपेक्षित आहे, हा माझा दुसरा आक्षेप.

नोंदणीच्या दिवसाचा तपशील मला अजून आठवतो. गाडीला पाटी नसल्यामुळे ती दुकानाच्या छोट्या मालगाडीतून वाहन व्यवस्थापन कार्यालयात नेण्यात आली. त्याआधी दुकानातील शिफूंनी (कुशल कारागिरालाही येथे शिफूच म्हणतात) स्टिअरिंगच्या गळ्यापाशी कोरलेला चासी क्रमांक कापडाने पुसला, त्यावर पातळ कागदाची चिकटपट्टी ताणून बसवली आणि पेन्सिलीचे टोक आडवे धरून ती हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. राखाडी पट्ट्यात एकेक पांढरे अक्षर उमटत गेले. असेच त्यांनी इंजिनाच्या क्रमांकाचेही घेतले. एका अक्षराची कड पुसट आली म्हणून त्यांनी ती पट्टी टाकून दिली आणि पुन्हा नवी लावली. ज्या देशात चहाचे पैसेसुद्धा फोनवरून दिले जातात, तेथे गाडीची ओळख अजून शिसपेन्सिलीच्या ठशाने पटवली जाते, हे पाहताना मला फार बरे वाटले. खिडकीवरील अधिकाऱ्यांनी तो ठसा गाडीवरच्या कोरीव अक्षरांशी जुळवून पाहिला, पारपत्र, निवासी परवाना आणि निवासनोंदणीचा कागद तपासला, आणि नाव दोनदा वाचले. नंतर पडद्यावर फिरणाऱ्या क्रमांकांमधून मी एक निवडला. पिवळी पाटी आणि माझ्या नावाची वाहनपुस्तिका, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, हातात आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कार्यालयाच्या फाटकाबाहेर ‘पिवळे बैल’ म्हणून ओळखले जाणारे दलाल उभे असतात आणि परदेशी चेहरा दिसताच हजार-दोन हजारांत काम करून देण्याची बोली करतात. कागद नीट असतील तर त्यांची काहीही गरज पडत नाही.

घरी परतताना मी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर त्या शहरातून गेले. चोंगछिंगमध्ये गाडी चालवणे हे सपाट शहरात गाडी चालवण्यासारखे नाही : रस्ता वळणावर उलटून खालच्या रस्त्याच्या डोक्यावरून जातो, पूल संपताच बोगदा लागतो, आणि यांग्त्झे व ज्यालिंग नद्यांवरून येणाऱ्या धुक्याने हिवाळ्यात डांबर दिवसभर ओलसर राहते. ४५० सीसीच्या गाडीचे वजन या चढांवर संथ गतीत जाणवते, पण खालच्या गिअरमधील तिची ओढ इतकी समजूतदार आहे की चढावरच्या सिग्नलला मला भीती वाटली नाही. गाओद या चिनी नकाशा-ॲपमध्ये मोटारसायकलीसाठी वेगळा पर्याय आहे. तो निवडून गाडीची माहिती भरली की बंदी असलेले रस्ते टाळून मार्ग मिळतो. मालकीणबाईंनी गाडी देताना माझ्या फोनमध्ये तो पर्याय स्वतः लावून दिला आणि सोबत बंद असलेल्या पुलांची हाताने लिहिलेली यादी दिली. ही गोष्ट छोटी असली तरी पहिल्या महिन्यातील दंड तिने वाचवले.

पेट्रोल भरण्याबाबत नवख्या परदेशी माणसाला आधी सांगितलेले बरे. अनेक पंपांवर मोटारसायकलीच्या टाकीत थेट नळी घालू देत नाहीत. गाडी बाजूच्या ठरलेल्या जागी उभी करायची, कर्मचारी लांब चोचीच्या धातूच्या किटलीत पेट्रोल घेऊन येतो, आणि ते आपण स्वतः टाकीत ओतायचे. काही भागांत त्याआधी ओळखपत्राची नोंद होते आणि यंत्र पारपत्र वाचत नाही, तेव्हा वहीत हाताने लिहिले जाते. वाहनपुस्तिका स्वतःच्या नावाची असेल तर हे सगळे दोन मिनिटांत उरकते. पश्चिम सिच्वानच्या प्रवासात मला याचा पुरेपूर अनुभव आला. छंग्दूहून ३१८ क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गाने कांगदिंगपर्यंत आणि पुढे ४,२९८ मीटर उंचीच्या झदुओ खिंडीतून लिथांगकडे जाताना तपासणी नाक्यांवर मला तीन वेळा थांबवले. प्रत्येक वेळी अधिकाऱ्याने परवाना आणि वाहनपुस्तिका शेजारी शेजारी धरल्या, दोन्हींवरील नावावरून बोट फिरवले आणि हसून पुढे जायला सांगितले. हाच मार्ग पुढे तिबेटमध्ये जातो, पण तेथे परदेशी व्यक्तीला वेगळा प्रवेश परवाना आणि प्रवासी संस्थेमार्फत केलेली व्यवस्था लागते. स्वतःच्या गाडीवर एकटीने निघता येत नाही, म्हणून मी लिथांगहून मागे फिरले.

द्रुतगती मार्गांविषयी दुकानाने दिलेली माहिती अपुरी होती. ‘जाऊ नका’ एवढेच त्यांनी सांगितले. राष्ट्रीय कायद्यात मोटारसायकलीला द्रुतगती मार्गावर सरसकट बंदी नाही. तेथे तिची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि मागे कोणाला बसवता येत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक प्रांत आणि शहरे आपल्या हद्दीत ती बंद ठेवतात, आणि टोल नाक्याच्या तोंडाशी लावलेला फलक हाच अंतिम शब्द असतो. मुलांना मागे बसवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की बारा वर्षांखालील मुलाला मोटारसायकलीच्या मागच्या सीटवर बसवण्यास मनाई आहे, मग रस्ता कोणताही असो.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. पहिल्या १,००० किलोमीटरनंतरची तपासणी वेळेवर झाली, तेल बदलले, साखळी ताणून दिली. पण गाडी घेताना बसवलेल्या संरक्षक दांडीचा एक बोल्ट पुन्हा आवळायचा राहिला आणि तो पश्चिम सिच्वानच्या रस्त्यावर सैल झाला. मी स्वतः तो घट्ट केला. परत आल्यावर सांगितले तेव्हा शिफूंनी एका शब्दानेही वाद न घालता चारही बोल्ट काढले, त्यांच्या आट्यांना चिकटद्रव लावून ते नव्याने बसवले आणि त्यानंतर प्रत्येक तपासणीत आधी तिकडेच पाहिले. दुकान चुका करते, पण चूक दाखवली की ती मनावर घेते.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सल्ला. चिनी परवाना हातात असल्याशिवाय गाडीचे पैसे भरू नयेत. परीक्षा लांबली तर गाडी दुकानात उभी राहते आणि खरेदी कर ६० दिवसांत भरायचा असतो, ती मुदत मात्र चालू होते. किमतीत सवलत मागण्यापेक्षा नाव तपासून घेण्याची सोय मागावी. परवाना, बिल, कराची पावती, विमापत्र आणि वाहनपुस्तिका हे पाचही कागद मिळताच एका टेबलावर मांडावेत आणि नावातील प्रत्येक अक्षर, प्रत्येक मोकळी जागा आणि पारपत्राचा क्रमांक मिळवून पाहावा. माझा खर्च गाडी, कर, विमा आणि सेवाशुल्क मिळून ३३,६३३ युआन झाला, आणि त्यातील ६०० युआन मी सर्वांत समाधानाने दिले.

गेल्या महिन्यात माझे पारपत्र नवे झाले. भारतीय पारपत्राचे नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो, आणि मग गाडी, परवाना आणि विमा हे सगळे आपल्याच नावावर असूनही जुन्या क्रमांकाशी जोडलेले राहतात. मी दुकानात जाऊन विचारले, तेव्हा मालकीणबाईंनी ती वही काढली, माझे पान उघडले आणि जुन्या क्रमांकाखाली नवा क्रमांक लिहून घेतला. त्यांनी क्रमही सांगितला : आधी निवासी परवाना, मग चालक परवाना, मग वाहनपुस्तिका, आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी; जुने पारपत्र रद्द झालेले असले तरी प्रत्येक खिडकीवर सोबत न्यायचे. या मदतीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या सोमवारी मी दोन्ही पारपत्रे घेऊन वाहन व्यवस्थापन कार्यालयात जाणार आहे, आणि या वेळी दलालांच्या रांगेपलीकडची खिडकी कोणती ते मला माहीत आहे.